पालकाचे नाव : जियालाल

दचकू नका, हा खणखणाट माझाच. मी जियालाल. नाव ऐकून तुमच्या डोळ्यांपुढे धोतरवाले, मिशीवाले कोणी गृहस्थ उभे राहिले असतील, तर त्यांना आधी बसवून घ्या. मी माणूस नाही, मी गंज आहे. लोखंडावर चढतो तो नव्हे हो! आमच्या गोंदियाकडे भात शिजवायच्या मोठ्या पातेल्याला गंज म्हणतात. मी जर्मनचा. जर्मनी मी जन्मात पाहिली नाही, पण ॲल्युमिनियमच्या भांड्याला सगळे जर्मनचं म्हणतात, आपण कशाला वाद घालायचा? माझ्या पोटात एका वेळी चाळीस पोरींचा भात शिजतो, आणि मी कधी बुडाला लागू दिला नाही. दोनदा लागला, पण तेव्हा लक्ष दुसरीकडे होतं.

माझा जन्म भांड्यांच्या कारखान्यात झाला. तिथलं मला एवढंच आठवतं, की फार आवाज होता आणि तो मला फार आवडला होता. मग गोंदियाच्या बाजारातल्या एका दुकानात मी टांगलेला असताना एका धानाच्या व्यापाऱ्यानं मला विकत घेतलं, माझ्या काठावर आपल्या आजोबांचं नाव कोरून घेतलं आणि मला मुलींच्या बालगृहाला दान केलं. अक्षरं अशी होती: ‘कै. जियालाल यांच्या स्मरणार्थ, सन २००३.’ आता चाळीस पोरी, पाळीपाळीनं राख घेऊन मला घासणार. घासता घासता पाचसहा वर्षांत ‘स्मरणार्थ’ गेलं, ‘यांच्या’ गेलं, आणि एका दिवशी ‘कै.’ सुद्धा निघून गेलं. राहिलं फक्त ‘जियालाल’ आणि ‘२००३’. म्हणजे बघा, पोरींनी घासून घासून त्या माणसाला जिवंत केला! तेव्हापासून माझं नाव पडलं. ‘आज जियालालले कोन आंघोळ घालनार?’ ‘जियालालच्या बुडाले भात चिकटला नं बाप्पा!’ असं दिवसभर चालायचं.

स्वयंपाकघरात राज्य रुख्मा मावशीचं. भात झाला की ती कढची, म्हणजे लांब दांड्याचा डाव, माझ्या काठावर तीनदा हाणायची, ठण् ठण् ठण्, आणि चाळीस पोरी ताटं घेऊन पळत यायच्या. त्या पळण्यानं फरशी हलायची. मला वाटायचं, गोंदियात माझ्याइतका महत्त्वाचा कोणी नाही.

ओमेश्वरी आली तेव्हा सहा वर्षांची होती. अर्जुनी मोरगावच्या बसस्टँडवर ती पोलिसांना एकटी सापडली होती. तिला स्वतःचं नाव सांगता येत होतं, आणि गावाजवळ ‘लय मोठं पानी’ आहे एवढं. ते पाणी इटियाडोह धरणाचं असावं असं सगळ्यांनी ठरवलं, पण त्या पाण्याच्या आसपास गावं का थोडी आहेत? चौकशा झाल्या, पेपरात फोटो आला, घ्यायला कोणी आलं नाही.

आल्याच्या तिसऱ्या दिवशी ती बालगृहातूनच नाहीशी झाली. काय तो गोंधळ! गच्ची पाहिली, विहीर पाहिली, अधीक्षिका मॅडमचा चष्मा कपाळावर चढला. इकडे मला सगळं माहीत होतं, पण भांड्याच्या पोटात माणूस बसला की भांड्याचा आवाज निघत नाही. शेवटी मावशी तांदूळ धुवायला आली, तिनं झाकण उचललं, तर आत ओमेश्वरी गुडघे पोटाशी घेऊन गाढ झोपलेली.

‘अवं माय!’ मावशी ओरडली, ‘आज भातात पोट्टीच निघाली!’

सगळ्या हसल्या. बालगृहात आल्यापासून न बोललेली ओमेश्वरी पण हसली. त्या दिवसापासून ती मावशीच्या पदराला आणि माझ्या कानाला धरूनच वाढली. चौदाव्या वर्षी ती एकटीनं चाळीस जणींचं वरण-भात करायची. तिची जिवाची मैत्रीण भूमिका तिच्याहून सात महिन्यांनी लहान. भूमिका तांदूळ निवडायची आणि गोष्टी सांगायची. दोघी हसायला लागल्या की मावशी त्यांना बाहेर हाकलायची, मग स्वतःच बाहेर जाऊन विचारायची, ‘कायले हासून राहिल्या वं? मलेही सांगा नं.’

पण बालगृहाचा एक नियम आहे. अठरा वर्षं झाली की निघायचं. दुसऱ्या घरांत अठराव्या वाढदिवसाला केक कापतात. इथं केक कापतात आणि मग नावही कापतात.

जुलैत ओमेश्वरी अठराची झाली. तोवर ती बारावी पास होती, आणि आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. संरक्षण अधिकारी हेमेंद्र सर तिची फाइल घेऊन स्वयंपाकघरातच येऊन बसले, कारण ती कार्यालयात जायला तयार नव्हती, वरण उतू जाईल म्हणून.

‘दुसऱ्या जिल्ह्यात मुलींचं अनुरक्षण गृह आहे,’ सर म्हणाले. ‘एकवीस वर्षांपर्यंत राहता येतं. जेवण, निवारा सगळं आहे. तिकडं जा.’

‘नाई सर. मी गोंदियातच राहीन.’

‘काऊन?’

‘भूमिका फेब्रुवारीत निघते. ती फाटकाबाहेर येईन तवा तिले घ्याले कोनी उभं पाहिजे का नाई?’

सरांनी पेन खाली ठेवलं. मग बालकल्याण समितीपुढे बरीच बोलणी झाली आणि असं ठरलं, की ओमेश्वरीनं गोंदियात खोली घेऊन राहून पाहावं. फेब्रुवारीपर्यंत तिचं बस्तान नीट बसलं तर भूमिका तिच्याकडे राहू शकेल. नाही बसलं, तर दोघींनाही दुसऱ्या जिल्ह्यात जावं लागेल.

निघायच्या दिवशी रीतीप्रमाणे तिला एक पिशवी, दोन ड्रेस, चादर, गॅसची लहान शेगडी आणि दहा किलो तांदूळ मिळाले. मॅडमनी विचारलं, ‘आणखी काही पाहिजे का?’

‘जियालाल,’ ती म्हणाली.

मी तेव्हा भिंतीला टेकून रिकामा बसलो होतो, कारण स्टीलची नवी भांडी आली होती. पण सरकारी भांडं असं उचलून देता येत नाही. हेमेंद्र सरांनी तिथल्या तिथं कागद तयार केला: ‘गंज, नग एक, जुना व निरुपयोगी.’ निरुपयोगी! माझ्या कानाचे रिबिट तापले. पण त्या एका खोट्या शब्दानं माझी सुटका झाली, म्हणून मी सरांना माफ केलं.

ओमेश्वरीनं मावशीला जाता जाता विचारलं, ‘मावशी, एका मान्साले भात किती टाकावं?’

मावशीनं डोळे पुसले आणि विचारात पडली. ‘मले का माईत वं? मी तं जलमभर चाळीसचाच शिजवला. घरी सून करते.’

ई-रिक्षात मी ओमेश्वरीच्या मांडीवर होतो. म्हणजे ती माझ्यामागे होती, नुसती वेणी दिसत होती. रिक्षावाला गुड्डू आरशात पाहून म्हणाला, ‘दीदी, शादी का ऑर्डर है क्या?’

‘हाव भैया, चालीस लोग हैं.’

‘किसकी शादी?’

‘वो अभी तय नहीं हुआ,’ ती म्हणाली आणि फुलचूर येईपर्यंत हसत राहिली. मला वाटतं ती घाबरली होती. घाबरली की ती जास्त हसते.

फुलचूरला यादोराव आणि दुर्गेश्वरीबाईंचं घर आहे. अंगण, मागे एक खोली, खोलीला वेगळा नळ. त्याआधी तीन घरांनी ‘बालगृहातली मुलगी’ म्हटल्याबरोबर दार लावून घेतलं होतं. यादोरावांनी दार लावलं नाही, कारण ते माझ्याकडे पाहण्यात गुंतले होते.

‘हे का आहे?’

‘गंज आहे जी.’

‘ते तं दिसूनच राहिलं. एकट्या पोरीले एवढा गंज कायले लागते? बाप का करते तुहा?’

‘बाप नाई.’

‘माय?’

‘नाई.’

‘आडनाव?’

‘तेही नाई जी.’

‘मंग तुले भेटाले कोन येईन?’

‘उनचाळीस बहिनी आहेत.’

दारातून दुर्गेश्वरीबाईंचा आवाज आला, ‘उनचाळीस! अवं, संडास एकच आहे आमचा!’

मोटरसायकल लावून हेमेंद्र सर मागून आले आणि त्यांनी सगळी हकिकत सांगितली. अर्जुनी मोरगावचं नाव निघालं तेव्हा यादोरावांनी माझ्यावरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं. त्यांची धानाची शेती तिकडेच, इटियाडोहच्या कालव्यावर. ‘म्हंजे आमच्याच पान्यावरची आहे,’ ते म्हणाले. ‘ठीक आहे. एक महिना पाहू.’

दुर्गेश्वरीबाईंनी अट घातली, ‘पोरंगिरं भेटाले आले, तं त्याच दिवशी सामान बाहेर.’

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी ओमेश्वरीनं मला शेगडीवर चढवलं. हत्तीला पाटावर बसवावं तसा मी बसलो. ती गाणं म्हणत तांदूळ धूत होती, हात आपल्या सवयीनं चालले होते. भात रटरटू लागला, काठापर्यंत फुगून आला, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की दहा किलोंतले अर्धे तांदूळ तिनं शिजवून टाकले आहेत.

‘ओमे,’ ती स्वतःला म्हणाली, ‘जेवाले कोन आहे?’

आधी ती पोट धरून हसली. मग भिंतीला टेकून बसली आणि रडली. बारा वर्षांत ती एकदाही एकटी जेवली नव्हती. ताट वाढून घेतलं तरी सुरुवात कशी करायची हे तिला कळेना. शेवटी तिनं कढची उचलली आणि काय मनात आलं कोण जाणे, माझ्या काठावर हाणली. ठण्! ठण्! ठण्!

बाप रे बाप! यादोराव पाण्याची बादली घेऊन धावत आले, त्यांना वाटलं आग लागली. शेजारचे कुंपणावरून चढून आले. दुर्गेश्वरीबाई कणकेच्या हातानं आल्या. सगळे माझ्यात डोकावले. मी वाफ सोडत, पांढराशुभ्र, काठोकाठ भरलेला.

‘अवं पोरी,’ दुर्गेश्वरीबाईंनी कपाळावर हात मारला, त्याला कणीक लागली, ‘एवढा भात! कोनाचं लगन आहे का कोनाची तेरवी?’

‘मले कमी येत नाई मामी,’ ओमेश्वरी रडत हसत म्हणाली. ‘मले चाळीसचाच येते.’

कोणीतरी फिसकन हसलं. त्यानंतर काय झालं ते नीट सांगताच येत नाही, कारण मी फार खुशीत होतो. कोणी वांग्याची भाजी आणली, कोणी लाखोरीचं वरण, कोणी आंब्याचं लोणचं. अंगणात पंगत बसली. बादली आणलीच होती, तिचं पाणी प्यायला झालं. यादोराव तीनदा भात घेऊन म्हणाले, ‘मोकळा शिजला बाप्पा.’ मी भरून पावलो. म्हणजे खरं तर रिकामा झालो, पण भांड्याला तेच बरं वाटतं.

संध्याकाळी दुर्गेश्वरीबाईंनी तिला एक लहानशी गंजी, माझ्याच जातीचं छोटं पातेलं, आणून दिली आणि मुठीनं मोजून दाखवलं, ‘एका मान्साले दीड मूठ. पाहून घे.’ झालं. दुसऱ्या दिवसापासून शेगडीवर ती गंजी! एवढीशी, ठेंगणी, चमकणारी. माझा किती जळफळाट झाला म्हणून सांगू? पण ओमेश्वरीनं मला टाकलं नाही. तिचे टेस्टर, पकड, वायरचे गुंडाळे, पुस्तकं सगळं माझ्यात असायचं. अभ्यासाला मला पालथा घालून टेबल करायची. रविवारी मात्र सगळं बाहेर काढून मला अंगणात घासून ठेवायची. ‘जियालालची आंघोळ’ हे दुर्गेश्वरीबाईंच्याही तोंडी बसलं.

जग फार मजेदार आहे, असं तिच्या बोलण्यातून मला कळत गेलं. दुकानात गेलं की दुकानदार विचारतो, किती देऊ? तिनं सवयीनं ‘दहा किलो वांगी’ सांगितली आणि भाजीवालीनं उठून तिला बसायला पोतं दिलं. बाजारातून येताना कुठल्याही गल्लीत वळता येतं, कोणी हजेरी घेत नाही, म्हणून ती पहिल्या आठवड्यात मुद्दाम चार वेळा हरवली. खोलीचा दिवा आपल्याला पाहिजे तेव्हा बंद करायचा आणि पाहिजे तेव्हा लावायचा, हे तिला इतकं आवडलं की यादोराव अंगणातून ओरडले, ‘अवं, दिवाळी आहे का?’

फक्त एक गोष्ट मला खुपायची. बालगृहातून आणलेली पिशवी तिनं रिकामी केली नव्हती. कपडे काढायची, घालायची, धुवायची आणि पुन्हा पिशवीत घडी घालून ठेवायची. पिशवी खिळ्याला, चेन बंद. यादोरावांनी म्हटलेला महिना केव्हाच सरला होता. ते काही बोलले नव्हते, आणि तिनं विचारलं नव्हतं.

सप्टेंबरात हेमेंद्र सरांची बदली झाली. ते होते तोवर दर पंधरवड्याला येऊन विचारायचे, ‘ओमेश्वरी, काही अडचण?’ ती म्हणायची, ‘नाई सर.’ त्यांच्या जागी कोणी आलं नव्हतं. ते गेल्यावर अडचणी यायला लागल्या, आणि विचारणारं कोणी नव्हतं.

नोव्हेंबरात धान निघालं, राईस मिल जोरात सुरू झाल्या. आयटीआयच्या पोरांना महिनाभर एका मिलमध्ये प्रत्यक्ष कामाला पाठवायचं ठरलं. त्यासाठी संमतीचा फॉर्म होता. तो तिनं माझ्या पालथ्या बुडावर ठेवून भरला, म्हणून मला शब्दन् शब्द माहीत आहे. स्वतःचं नाव झरझर लिहिलं. पुढची ओळ आली, ‘पालकाचे नाव’, आणि पेन थांबलं.

ती अठरा पूर्ण होती, पण फॉर्मला ते कोण सांगणार? तिनं हेमेंद्र सरांचा नंबर लावला, बंद होता. खिडकीतून अंगणात पाहिलं. यादोराव धान वाळवत होते. ती दारापर्यंत गेली, खिळ्यावरच्या पिशवीकडे पाहिलं आणि परत आली. मग बसल्या बसल्या तिचा हात माझ्या काठावर फिरत होता, तो अक्षरांवर थांबला. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. मला वाटलं, नको गं बाई! पण तिनं लिहिलंच.

पालकाचे नाव: जियालाल. वय: २२. व्यवसाय: स्वयंपाक. नाते: इथं ती बराच वेळ थांबली, मग लिहिलं, ‘लहानपणापासून जेवू घालतो.’

सहीची जागा कोरी सोडली. खोटी सही करायची नाही, असं ती मोठ्यानं म्हणाली, जणू मीच आग्रह करत होतो.

चार दिवसांनी आयटीआयला शिकवणारे निदेशक चैतराम सर स्कूटरवरून फुलचूरला आले. चेहरा लाल. अठरा वर्षांची मुलगी आणि बावीस वर्षांचा पालक! कोणीही काय समजेल? तेही तेच समजले. फाटकातूनच त्यांनी विचारलं, ‘जियालाल इथंच राहतात का?’

यादोराव सुपानं धान पाखडत होते. ‘हाव,’ ते म्हणाले, ‘मागच्या खोलीत.’

‘त्या मुलीसोबत?’

‘तिच्याच संगं आला तो. बालगृहातूनच घेऊन आली त्याले.’

चैतराम सरांनी कपाळावरचा घाम पुसला. ‘आता आहे का घरी?’

‘आहे नं. आंगनात पालथा पडला आहे.’

‘पालथा? भरदिवसा? पिऊन?’

‘नाई जी,’ दुर्गेश्वरीबाई भांडी विसळत म्हणाल्या, ‘पोरीनं सकाळीच राखेनं घासून ठेवला. वाळून राहिला.’

सरांचं तोंड उघडं ते उघडंच. ते पाऊल न वाजवता मागच्या अंगणात आले, इकडे तिकडे पाहिलं आणि विचारलं, ‘कुठं आहे?’ यादोरावांनी सुपानं माझ्याकडे दाखवलं. सर वाकले. माझ्या काठावरची अक्षरं वाचली. जियालाल, २००३. बोटांवर वर्षं मोजली. मग माझ्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसले आणि असे हसले, असे हसले, की त्यांचं हेल्मेट घरंगळत माझ्यावर येऊन आदळलं. मीही वाजलो.

पण फॉर्म यादोरावांच्या हातात गेला, आणि त्यांचं हसू ‘नाते’ या ओळीवर येऊन थांबलं. त्यांनी ती ओळ मोठ्यानं वाचली. दुर्गेश्वरीबाईंनी नळ बंद केला.

तेवढ्यात ओमेश्वरी सायकलवरून आली. सरांची स्कूटर पाहिली, फॉर्म पाहिला, आणि सरळ खोलीत जाऊन खिळ्यावरची पिशवी काढून घेऊन आली. या वेळी ती हसत नव्हती. ‘मी निघतो जी,’ ती म्हणाली. ‘जियालालले मागून नेईन.’

‘थांब!’ यादोराव एवढ्या जोरात ओरडले की धानावरच्या चिमण्या उडाल्या. ‘चार महिने आमच्या आंगनात राहून राहिली, न् तुले फॉर्मवर गंजाचं नाव सुचलं? माहं नाई सुचलं? मी का गंजापेक्षा गयाबिता आहो?’

‘तुमी “एक महिना पाहू” म्हनलं होतं,’ ती म्हणाली. ‘महिना झाला, दोन झाले, चार झाले. तुमी सांगतलंच नाई, पाहून झालं का नाई.’

यादोरावांनी फॉर्म खाली केला. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ‘आपन सांगतलं नाई हिले?’

‘मले वाटलं तुमी सांगतलं असन.’

‘मले वाटलं तू.’

‘बावन पत्ते खेळतानी बोलता येते, हे सांगता नाई येत?’ दुर्गेश्वरीबाई कडाडल्या आणि ओले हात पदराला पुसत ओमेश्वरीकडे गेल्या. तिच्या हातातली पिशवी हिसकली. ‘एवढे दिवस चेन लावून ठेवली होती का हिनं? अवं येडे! आमी कधीचे विसरून गेलो महिना! राहाचं नं तुले इथं? मंग झालं. पाहून झालं.’

ओमेश्वरी माझ्या पालथ्या बुडावर बसली. रडताना ती हलत होती, आणि तिच्याबरोबर मी जमिनीवर खडखडत होतो. लाजच वाटली, पण काय करता?

‘सर, लिवा माहं नाव,’ यादोराव म्हणाले.

‘तुमचं काऊन?’ दुर्गेश्वरीबाई वळल्या. ‘तुमी तं अर्धा महिना अर्जुनीले शेतावर राहता. पोरीले काई झालं तं फोन कोनाले येईन? माहं लिवा.’

‘घरमालक मी आहो!’

‘न् घर कोन चालवते?’

चैतराम सरांनी माझं नाव खोडलं आणि त्या एका ओळीत बारीक अक्षरांत दोघांची नावं बसवली. ‘नातं काय लिहू? घरमालक?’

यादोरावांना ते आवडलं नाही. डोकं खाजवून ते म्हणाले, ‘काई खोडू नका. जेवू तं आमीही घालून राहिलो का नाई? फक्त “लहानपणापासून” तेवढं काढा.’

सरांनी तेवढं काढलं. दोघांनी सह्या केल्या. दुर्गेश्वरीबाईंची सही मोठी आली, यादोरावांना कोपऱ्यात करावी लागली.

मला बाद केल्याचं वाईट वाटलं का, म्हणून विचाराल. मी बावीस वर्षांत इतका खूश कधी झालो नव्हतो. पालक होणं मला झेपलं नसतं हो. मला फोन उचलता येत नाही.

त्या दिवशी पिशवी रिकामी झाली. कपडे दोरीवर गेले, फाइल फळीवर गेली.

फेब्रुवारीत समितीच्या एक बाई खोली पाहायला आल्या. दुर्गेश्वरीबाईंनी त्यांना इतके प्रश्न विचारले, की शेवटी कोण कोणाची चौकशी करतंय हेच कळेना. भूमिका ज्या दिवशी अठराची झाली त्या दिवशी बालगृहाच्या फाटकाबाहेर ओमेश्वरी तर होतीच, यादोरावही स्वच्छ टोपी घालून उभे होते. रुख्मा मावशी आतून रडत होती आणि बाहेर पाहून हसत होती. भूमिका आता दवाखान्यात कामाला लागली आहे, आणि खोलीत दोघींच्या हसण्यानं शेगडीवरची गंजी सुद्धा थरथरते. तिची माझी आता मैत्री आहे. ती रोजची, मी सणाचा.

माझं म्हणाल, तर माझा एक कान निखळला होता, तो ओमेश्वरीनं नटबोल्ट लावून पक्का केला. बूड पातळ झालंय. पण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मला सुट्टी नसते. बालगृहातून निघून गोंदियात इकडेतिकडे विखुरलेल्या पोरी त्या दिवशी फुलचूरला येतात. कोणी दुकानात काम करते, कोणी शिकते, एकीला खोली मिळत नाही, एकीचा आधारचा पत्ता बदलायचा राहिलाय. जेवता जेवता त्यावर बोलणं होतं, कोणाच्या ओळखीनं काय होतं ते पाहतात. हेमेंद्र सरही मागच्या महिन्यात नव्या गावाहून बसनं आले आणि दोनदा भात घेतला. तो निरुपयोगीचा कागद मी त्यांना काढून दाखवला नाही.

दरवर्षी अशी पोरं-पोरी पिशवी घेऊन फाटकाबाहेर येतात. तुमच्या गावातही येत असतील. त्यांना फार मोठं काही लागत नाही, असं मी म्हणणार नाही, कारण लागतं. खोली लागते, काम लागतं, ताप आला तर कोणीतरी लागतं. सगळं तुम्हीच द्या असंही नाही. पण फॉर्मवर एक ओळ कोरी असते, तिथं एखाद्या भांड्याचं नाव येण्याआधी तुमचं येऊ द्या.

आज पहिला रविवार आहे. अंगणात पाण्याची बादली ठेवली आहे, तांदूळ धुऊन तयार आहे. फाटकाशी एक नवीन पोरगी उभी आहे, काल अठराची झालेली, आत यावं की नाही या विचारात. दुर्गेश्वरीबाईंनी तिला पाहिलं. हातातली परात खाली ठेवली, फाटकापर्यंत गेल्या, आणि तिच्या नावगावाचं काही न विचारता म्हणाल्या, ‘जेवली का वं?’